कोरड्या नदीला आलेला पूर

६ ऑगस्ट

आजपासून मी उमेदवार. हा शब्द 'उमेद'पासून आला आहे, आणि पासष्टाव्या वर्षी तो एखाद्याला लागू व्हावा यात एक प्रकारचं काव्य आहे, असं मी सकाळी दाढी करता करता हिला सांगितलं. ही म्हणाली, कानाखाली फेस राहिलाय.

वकीलबाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. जिना अरुंद. वर पोचेपर्यंत धाप लागली, म्हणून बाहेरच्या बाकावर जरा टेकलो. शेजारच्या गृहस्थांनी सरकून जागा दिली आणि आपुलकीने विचारलं, तुमचा अर्ज किती वर्षं पडून आहे? मी म्हटलं, मी वकील आहे. म्हणजे होणार आहे. त्यावर त्यांच्या चेहऱ्यावरची सहानुभूती कमी न होता वाढली.

पदवीदानाच्या दिवशीही असंच झालं होतं. पाहुण्यांनी माझा हात हातात घेऊन 'मुलांचं कौतुक बघायला आलात, बरं वाटलं' म्हटलं आणि माझी पदवी माझ्या पुढच्या मुलीच्या हातात दिली. ती गुणी पोर. मागे वळून माझी मला दिली.

वकीलबाई अडतीस वर्षांच्या. मला काका म्हणतात आणि कामं पुतण्याला सांगावीत तशी सांगतात. वर्षभर त्यांच्या हाताखाली राहायचं, मग त्यांचा दाखला, मग वकील परिषदेची मुलाखत, मग सनद. आजचं काम सत्तावीस फायलींना नंबर घालण्याचं होतं. घातले. अक्षर बघून त्या म्हणाल्या, काका, सुंदर आहे, पण इतका वेळ लावू नका.

११ ऑगस्ट

मी स्थलांतराचाच कायदा का निवडला, हे कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. फौजदारीला आवाज लागतो. जमिनीच्या दाव्यांना आयुष्य लागतं, आणि तो साठा माझ्याकडे बेताचाच. पण खरं कारण शब्दांचं आहे. आगमन, प्रस्थान, वास्तव्य, आश्रय. बाकीच्या कायद्यांत काय, तर गहाणखत आणि भोगवटा. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी 'आश्रय' हे प्रकरण उघडलं आणि शेवटच्या बाकावर बसून चक्क डोळे पुसले. शेजारच्या मुलाने मला पंख्याखालची जागा दिली. त्याला वाटलं, चक्कर येतेय.

तेहतीस वर्षं जलमोजणी खात्याच्या मुख्य कचेरीत काढली. देशभरच्या नद्यांच्या पातळ्या माझ्या टेबलावर येत. त्या तक्त्यात उतरवायच्या, ताडून पाहायच्या आणि कोपऱ्यात 'तपासले' म्हणून आद्याक्षरं टाकायची. नदी हा शब्द दिवसातून दोनशे वेळा लिहायचा आणि तिच्याबद्दल एकही चांगला शब्द लिहायचा नाही, अशी ती नोकरी. एकदा 'शेरा' या रकान्यात मी 'प्रसन्न' असं लिहिलं. साहेबांनी आत बोलावून विचारलं, प्रसन्न म्हणजे किती मीटर?

आणि लहानपणी काय थाट होता. चौथीत गुरुजी डस्टरने टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं डोलत डोलत नदीची कविता म्हणायचो. खडूची पूड उडायची, आम्हाला ते तुषार वाटायचे. आमच्या गावाला नदी नव्हती. एक विहीर होती, तिच्यावर कुणी कविता केली नाही.

२६ ऑगस्ट

आज मला माझं पहिलं माणूस मिळालं. माणूस म्हणजे अशील, पण वकीलबाई 'माणूस'च म्हणतात.

शिवणकाम करणारी बाई. चाळिशीची, पडद्यांच्या दुकानात मशीनवर असते. सहा वर्षांपूर्वी आईला घेऊन सीमा ओलांडून इकडे आली. बोली आपलीच, फक्त वाक्याच्या शेवटी थोडा हेल. नवरा छापखाना चालवायचा. एका पत्रकापायी त्याला घेऊन गेले, तो परत आला नाही. मग तेच लोक हिला विचारायला येऊ लागले, आणखी पत्रकं कुठे आहेत म्हणून. तेव्हा ती निघाली. आश्रयाचा अर्ज इतकी वर्षं या टेबलावरून त्या टेबलावर हिंडला. आता एकदाचा निकालाला आला आहे. त्याला जोडायची शपथेवरची लेखी जबानी मी लिहायची.

ती मला वकीलकाका म्हणाली. मी अजून वकील नाही, हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. फार वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी म्हटलं होतं.

तिचं बोलणं अगदीच कोरडं. 'ते आले. मी दार उघडलं नाही. सकाळी आम्ही निघालो. नदी ओलांडून आलो.' एवढ्या मोठ्या दुःखाला एवढीशी वाक्यं. मनात म्हटलं, बाई, काळजी करू नकोस, मी आहे.

३० ऑगस्ट

चार दिवस जबानीवर घालवले. कशी उतरली आहे ते मी सांगणं बरं नव्हे, पण हिला वाचून दाखवताना माझाच आवाज दोनदा दाटला. ही चष्मा पुसत होती. विचारलं, कशी वाटली? म्हणाली, त्या बाईंना वाचून दाखवलीत का?

आज दाखवली. ती मांडीवर हात ठेवून ऐकत होती. नदीपाशी आलो: 'पुढे दुथडी भरून वाहणारी नदी आणि पाठीशी ती माणसं, अशा स्थितीत मी व माझी आई पैलतीरी आलो.' तिने मान वर केली.

"हे मी म्हटलं?"

आपलंच दुःख शब्दांत समोर आलं की माणूस असाच चकित होतो. मी म्हटलं, तुमच्या मनातलंच आहे. मग तिने विचारलं, असं लिहिलं की अर्जाला बरं पडतं का? मी म्हटलं, फार. तिने सही केली. भारावून गेली होती.

१ सप्टेंबर

वकीलबाई दुसऱ्या शहरात सुनावणीला गेल्या आहेत. फोनवर त्यांना जबानीचा पहिला परिच्छेद वाचून दाखवला. मग त्या म्हणाल्या, काका, विशेषणं छाटा, परत तिची सही घ्या आणि दाखल करा, उद्या शेवटची तारीख आहे.

छाटली. एकेक शब्द काढताना गुरुजींची माफी मागितली. 'काळीज गोठवणारी' गेली, 'निष्ठुर' गेली, 'आसवांनी भिजलेली' गेली. बारापैकी अकरा काढली. बारावं काढवेना. 'दुथडी' या शब्दात दोन्ही काठ आहेत, आणि ही बाई तर एका काठावरून दुसऱ्या काठावर आलेली. यालाच औचित्य म्हणतात. ठेवलं. बाईची पुन्हा सही घेऊन जबानी दाखल केली.

१९ ऑक्टोबर

मधले दिवस लिहिण्यासारखे नव्हते. फायली, झेरॉक्स, नंबर. जिना आता एका दमात चढतो.

१४ नोव्हेंबर

निकाल आला. अर्ज नामंजूर.

वकीलबाईंनी दार लावून घेतलं आणि मला नववा परिच्छेद वाचायला सांगितला. उतरवून ठेवतो, म्हणजे पुन्हा कधी विसरणार नाही: 'अर्जदाराने नदी दुथडी भरून वाहत असल्याचे शपथेवर म्हटले आहे. सोबतच्या तक्त्यानुसार त्या संपूर्ण महिन्यात पात्र कोरडे होते. आपण ओलांडलेली नदी भरलेली होती की कोरडी हे ज्या अर्जदारास सांगता येत नाही, तिने ती ओलांडली यावर, तसेच तिच्या उर्वरित कथनावर, विश्वास ठेवता येत नाही.'

तीस दिवसांत देश सोडायचा. तिने आणि आईने. फेरविचाराचा अर्ज करायला पंधरा दिवस; तो केला की त्याच्या निकालापर्यंत मुदत थांबते.

"काका, ही नदी कुठून आणलीत?" वकीलबाईंनी विचारलं.

"चौथीतून," मी म्हटलं. खरं होतं ते.

मग तक्ता पाहिला. ओळखीचा फॉर्म, ओळखीचे रकाने. सहा वर्षांपूर्वीचा एप्रिल. तीस दिवस, तीस शून्यं. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीचा. उजव्या कोपऱ्यात 'तपासले', आणि खाली माझीच आद्याक्षरं. त्या वर्षीच्या सगळ्याच तक्त्यांवर ती आहेत, त्यात योगायोग काही नाही. ही नदी कोरडी असल्याचं देशात सर्वांत आधी ज्याला कळलं, त्यानेच तिला पूर आणला.

वकीलबाईंना ते दाखवलं. त्यांनी तक्ता आणि जबानी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. म्हणाल्या, दोन्हींकडचे साक्षीदार तुम्हीच. हसल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, दाखल करण्याआधी मी पुन्हा वाचायला हवं होतं. ती माझी चूक, ती मी माझ्या सहीने लिहीन. ही तुमची.

१५ नोव्हेंबर

हिला सांगितलं. ही चौतीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती, शेवटी वॉर्डची सिस्टर म्हणून निवृत्त झाली. ऐकून घेतलं. मग म्हणाली, आम्ही तक्त्यावर ताप किती आणि वेळ काय एवढंच लिहायचो. 'तापाने फणफणलेला' असं लिहून घरी गेले असते तर रात्रपाळीच्या डॉक्टरांनी गोळी किती ताकदीची द्यायची?

मी म्हटलं, कवितेचा दोष नाही. ही म्हणाली, कवितेला कोण काय म्हणतंय?

१७ नोव्हेंबर

बाई आईला घेऊन ऑफिसात आली. आई माझ्याहून चारच वर्षांनी मोठी. जिना चढायला तिला दहा मिनिटं लागली. मी हात पुढे केला तर म्हणाली, वकीलकाका, तुम्ही आधी स्वतःला सांभाळा. तिला निकालाचं माहीत आहे की नाही, कळेना. तिने खिडकीतून खाली दुकानाबाहेर मांडलेले चष्मे बघायला सुरुवात केली.

वकीलबाईंनी लेकीला सगळं सांगितलं. नदीचंही सांगितलं. मी पेपरवेट बघत होतो. काचेत एक निळं फूल आहे.

बाई म्हणाली, मग मी सांगेन की मला नीट आठवलं नव्हतं. काकांचं नाव कशाला घ्यायचं?

इथे मला खरं लिहायला हवं. ते ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरला. एक क्षणभर का होईना, मला मनापासून वाटलं की बाई किती शहाणी आहे. वकीलबाईंनी त्या क्षणाला फार वेळ दिला नाही. त्या म्हणाल्या, नदी नीट आठवत नाही असं सांगितलंत, तर नवऱ्याला नेलं तो दिवस तुम्हाला नीट आठवतो यावर कोण विश्वास ठेवेल? जिने जे म्हटलंच नाही, ते तिने विसरायचं कसं? ज्याने लिहिलं त्यानेच सांगायला हवं. दुसरा मार्ग मला दिसत नाही.

मग त्यांनी मला बाहेर नेऊन दुसरी बाजूही सांगितली. अशिलाच्या शपथेवरच्या जबानीत पदरचं घातलं, असं मी लिहून दिलं की ते परिषदेला कळणार. दाखल्यात त्यांना ते लिहावंच लागेल. परिषद सनद लांबणीवर टाकू शकते, नाकारूही शकते. तुमच्यावर जबरदस्ती नाही, त्या म्हणाल्या. बाकावरच्या माणसांनी पाय आत घेतले, आम्हाला जायला वाट दिली. आम्ही कुठेच जात नव्हतो.

१८ नोव्हेंबर

दिवसभर स्वतःच्या बाजूने वकिली केली. मुद्दे असे: हेतू चांगला होता. सही तिची आहे. सनद न मिळाल्यास माझ्या वयाला पुन्हा उमेदवारी शोभणार नाही. एका शब्दासाठी चार वर्षांचं शिक्षण वाया जाणार. मुद्दे बिनतोड होते. माझ्यासारखा वकील मला मिळाला, हे माझं भाग्य.

संध्याकाळी फिरायला गेलो. पडद्यांच्या दुकानावरून जायचं ठरवलं नव्हतं. काचेतून ती दिसली, पाठमोरी. केवढा तरी लांब पडदा मशीनखालून सरकत होता. दुकानदार काही सांगत होता आणि ती मान हलवत होती. तीस दिवसांतले चार गेले.

२० नोव्हेंबर

प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. पहिला खर्डा तीन पानी झाला. त्यात माझं बालपण होतं, गुरुजी होते, चाळीस पोरांचा सूर होता आणि शेवटी 'शब्दांच्या मोहपाशात गुरफटलेला मी एक वृद्ध पांथस्थ' होता. वकीलबाईंनी शेवटापर्यंत वाचलं, याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत. विचारलं, यात तुम्ही काय केलंत ते कुठल्या ओळीत आहे?

शोधलं. नव्हतं.

दुसरा खर्डा घरी केला. चार ओळी. 'जबानीच्या लेखनात अनवधानाने लेखनदोष राहून गेला असून नदीविषयक काही शब्द अधिकचे घातले गेले आहेत.' मला तो चांगला वाटला. सरकारी वळणाचा, नेटका. हिला दाखवला. ही म्हणाली, लेखनदोष कुणाचा?

माझाच की, मी म्हटलं.

"मग तो इथे कुठे आहे? हे वाचून वाटतं, शब्द आपापले चालत आले आणि बसले."

व्याकरणात मला पैकीच्या पैकी असायचे. 'घातले गेले.' कर्ता गायब. शाळेत अशा वाक्यापुढे गुरुजी खडूने मोठं प्रश्नचिन्ह काढायचे आणि विचारायचे, कोणी रे? आणि ज्याने केलेलं असायचं तो सोडून सगळा वर्ग खाली बघायचा. तो मात्र वर, छताकडे. मी आज संध्याकाळभर छताकडे बघत होतो.

२१ नोव्हेंबर

तिसरा खर्डा:

'अर्जदाराने मला "नदी ओलांडून आलो" एवढेच सांगितले. "दुथडी भरून वाहणारी" हे शब्द मी घातले. त्या वेळी नदी कशी होती हे मी तिला विचारले नाही. तिने वाचनाच्या वेळी शंका घेतली, तेव्हा तसे लिहिल्याने अर्जाला मदत होईल असे मी तिला सांगितले.'

हे चौथं वाक्य पहाटे जाग आली तेव्हा आठवलं. ऑगस्टमध्ये मी इथेच लिहिलं आहे की ती भारावली होती. वही मागे जाऊन वाचली. ती भारावली नव्हती. ती मला विचारत होती.

'मी घातले.' व्याकरणाने पाहिलं तर हाही कर्मणीच; क्रियापद शब्दांशी जुळतं, माझ्याशी नाही. आपल्या भाषेत कबुली द्यायची तर असंच बोलावं लागतं. पण निदान कर्ता हजर आहे.

सही करताना हात थरथरला नाही. तसा थरथरला असता तर लिहायला बरं पडलं असतं.

१२ डिसेंबर

सुनावणी. खोली लहान, खिडकी वरच्या बाजूला, एक लांब टेबल आणि पाण्याचा जग, त्यावर स्टीलची ताटली. अधिकारी पन्नाशीचे, सर्दीने बेजार. समोर कागदी रुमालांचा ढीग. मी मनात दोन मिनिटांचं भाषण तयार ठेवलं होतं, पश्चात्तापापासून सुरुवात करून भाषेच्या जबाबदारीवर संपणारं.

आधी माझी पाळी. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, तक्ता वाचला, कोपऱ्यातली आद्याक्षरं पाहिली, माझी सही पाहिली.

"हे आपणच?"

मी हो म्हटलं.

"तक्ता तपासताना नदी कोरडी होती, हे आपल्याला माहीत होतं?"

"तेव्हा माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही."

"मग हे शब्द कशासाठी घातलेत?"

दोन मिनिटांचं भाषण जिभेवर होतं. पण त्यांच्या हातात पेन होतं आणि ते खरोखरच उत्तर लिहून घ्यायला थांबले होते. मी म्हटलं, शोभेसाठी. त्यांनी तो शब्द लिहिला. उलट्या बाजूने मला तो दिसला. शोभा काही दिसत नव्हती त्यात.

मग त्यांनी बाईला विचारलं की नदी ओलांडली तेव्हाचं सांगा. वकीलबाईंनी तिला काही पढवलं नव्हतं. मी काल विचारलं होतं तर म्हणाल्या, तिला काय पढवायचं, ती तिथे होती.

ती म्हणाली, पाणी नव्हतं. गोटे होते, वाळू होती. सकाळचे अकरा असतील. मागे मोटारीचा आवाज आला. निम्म्यावर आल्यावर आई खाली बसली. चपलेत खडा गेला होता, तो काढते म्हणाली. "मी तिच्यावर ओरडले. मेलीस तरी चालेल, पण ऊठ, असं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा तिला तसं बोलले. मग तिला ओढत आणलं. चप्पल तिथेच राहिली."

अधिकाऱ्यांनी नाक पुसायचं थांबवलं. मग त्यांनी विचारलं, हे याआधी का सांगितलं नाहीत?

ती माझ्याकडे बघून नाही बोलली, एवढी तिने माझी काळजी घेतली. ती टेबलाकडे बघून म्हणाली, "कुणी विचारलं नाही. काका लिहीत होते."

मागच्या खुर्चीवरून आई म्हणाली, "खडा मोठा होता." कुणी तिला विचारलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी तेही लिहून घेतलं.

१३ डिसेंबर

मला तो खडा सुचला नसता. बारा सोडून बाराशे विशेषणं दिली असती तरी सुचला नसता. आज फक्त एवढंच लिहायचं होतं.

८ जानेवारी

अर्ज मंजूर. दोघींचा. निकालपत्र अवघं पाऊण पानाचं. नववा परिच्छेदच नाही.

सांगायला मला पाठवलं. वाटेत एक वाक्य जुळवत गेलो. दुकानाच्या दारात पोचेपर्यंत ते चांगलं तीन ओळींचं झालं होतं. बाईने मला पाहिलं पण मशीन थांबवलं नाही. शिवण टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, मग उठली. माझी तीन ओळी म्हणायची हिंमत झाली नाही. म्हटलं, राहायचं, दोघींनीही.

तिने तो शिवलेला पडदा घडी करायला घेतला. चुकला. पुन्हा घेतला, पुन्हा चुकला. मग मी दुसरं टोक धरलं.

थोड्या वेळाने तिने माझ्या सनदेचं विचारलं. मी म्हटलं, ते चाललंय.

२ फेब्रुवारी

परिषदेपुढे गेलो. तिघे सदस्य, तिघेही माझ्याहून लहान. प्रतिज्ञापत्र त्यांच्यापुढे होतं. मधल्या बाईंनी विचारलं, आपल्याला याबद्दल काही म्हणायचं आहे? मी म्हटलं, त्यात आहे तेवढंच. मला वाटलं, या संयमाबद्दल ते मला सोडून देतील. तसं झालं नाही.

ताकीद, आणि उमेदवारी एक वर्षाने वाढवली. सनद मिळाली तर सदुसष्टाव्या वर्षी मिळेल. परत येताना बसमध्ये एका मुलीने उठून जागा दिली. पहिल्यांदाच न लाजता बसलो.

खरं सांगायचं तर रडू आलं होतं. एकदा स्वतःला वकील म्हणवून घ्यायची हौस होती, ती अजून आहे.

१६ फेब्रुवारी

वकीलबाईंचा नवा नियम: वर्षभर काकांनी फक्त विचारायचं, लिहायचं त्यांनी. मी म्हटलं, हा अविश्वास आहे. त्या म्हणाल्या, हो.

एक गवंडी आला होता. स्वतःहून बोलणारा नव्हे. खुर्चीच्या टोकाशी बसला, टोपी गुडघ्यावर. बायको आणि भाऊ पलीकडेच राहिलेत, एवढं बोलून थांबला. माझ्याकडे त्या थांबण्यासाठी दोनतीन फार सुंदर वाक्यं होती. हात मांडीखाली दाबून बसलो आणि म्हटलं, मग?

तो बोलू लागला. थांबला की मी पुन्हा म्हणायचो, मग? पाऊण तास. वकीलबाईंनी नऊ पानं लिहिली आणि मान वर केली नाही. एवढ्या वेळात मी एकूण एकच शब्द बोललो, तोही दोन अक्षरी.

घरी येऊन चहाच्या वेळी हे सगळं हिला रंगवून सांगितलं. म्हटलं, बघ, साधा 'मग', पण माणूस उघडतो. याच्याइतका रसाळ शब्द कुठल्या कवितेत सापडायचा नाही. आणखीही बरंच सांगितलं. ही कपात चमचा फिरवत होती.

"हे लग्नाच्या वेळी शिकला असतात," ही म्हणाली, "तर मलाही बरंच सांगायचं होतं."

मी तोंड उघडलं होतं. मिटलं. मग म्हटलं, "मग?"

हिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, थट्टा करतोय की काय म्हणून. मग खुर्ची जरा जवळ ओढली. ही नोंद मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितो आहे, कारण काल संध्याकाळभर वही उघडायला सवडच झाली नाही, आणि हिने काय सांगितलं ते मी लिहिणार नाही.